मॉडिफाय केलेली जुनी कॉन्टेसा: बघण्यापासून आर.सी. नावावर होईपर्यंत

जुनी कॉन्टेसा घ्यायचं ठरलं ते २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास, आणि आर.सी. (नोंदणीपत्र) नावावर होऊन हातात पडली मार्चमध्ये. मधल्या काळात काय तपासलं, कुठे अडलं, किती खर्च आला ते क्रमाने लिहितो आहे. पुण्यात अशा गाड्या शोधणारे पुष्कळ आहेत, पण माहिती तुकड्यातुकड्यांनी मिळते: थोडी गॅरेजमध्ये, थोडी एजंटकडे, थोडी विकणाऱ्याकडून. कॉन्टेसाऐवजी जिप्सी किंवा जुनी जीप घेणाऱ्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

गाडीबद्दल थोडं आधी सांगायला हवं, कारण कागद तपासताना तेच लागतं. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ पासून २००२ पर्यंत उत्तरपाड्याच्या कारखान्यात कॉन्टेसा बनवली. मूळ आराखडा ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा. लांब बॉनेट, रुंद बांधा आणि ड्राइव्ह मागच्या चाकांना, म्हणून आपल्याकडे तिला देशी मसल कार म्हणतात. सुरुवातीच्या गाड्यांत अँबॅसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन होतं, ते या अंगाला कमीच पडायचं. नंतर इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स आला, पुढे इसुझूचंच डिझेलही आलं. हे १८१७ चं इंजिन नंतर अँबॅसेडरमध्येही बसत होतं, आणि अँबॅसेडर २०१४ पर्यंत बनत होती. त्यामुळे इंजिनाचे भाग आजही नाना पेठेत विचारले तर मिळतात, नाहीतर कोलकात्याहून मागवता येतात. पुढची काच, टेललाइट, बंपर, क्रोमच्या पट्ट्या, खिडक्यांचं रबर हे मात्र नवं मिळत नाही. गंजलेला पत्रा तर कुठेच विकत मिळत नाही, तो ठोकून बनवावा लागतो.

म्हणून आमचा क्रम ठरला: आधी कागद, मग पत्रा, इंजिन सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक उलट करतात. बॉनेट उघडतात, आवाज ऐकतात आणि तिथेच मन बसतं. चांगल्या इंजिनाची कुजलेली गाडी घेण्यापेक्षा धूर मारणारी पण सरळ पत्र्याची गाडी घ्यावी. इंजिनाचा खर्च मेस्त्री आधी सांगू शकतो, पत्र्याचा खर्च पत्रा कापल्याशिवाय कोणालाच कळत नाही.

फोनवरच प्रत्येकाकडून चार फोटो मागवले: आर.सी.च्या दोन्ही बाजू, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर. जो फोटो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडे जायचंच नाही. गाडीचा नंबर एम-परिवहन अ‍ॅपवर टाकला की इंधन, मालक कितवा, आर.सी.ची मुदत, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा दिसतो. जुन्या गाड्यांच्या बाबतीत दोन अडचणी हमखास येतात. एक म्हणजे गाडी अ‍ॅपवर सापडतच नाही. पुस्तकाच्या काळातली नोंद संगणकावर चढलेलीच नसते. त्याला बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते, ती ज्या आरटीओत गाडी नोंदली तिथेच होते, आणि ती झाल्याशिवाय हस्तांतरण, पासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) काहीच पुढे सरकत नाही. हे काम विकणाऱ्याने करून द्यायचं, ही अट आधीच घालावी. दुसरी अडचण जुन्या बोज्याची. नव्वदीत कर्ज घेतलेलं, फेडलेलं, पण आर.सी.वरून नोंद कोणी उतरवलेलीच नाही. त्यासाठी फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. कंपनीच बंद झाली असेल तर हे प्रकरण महिनोन्‌महिने चालतं. अशी एक फार सुंदर गाडी आम्ही न बघताच सोडली.

थकलेली ई-चलनं महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर नंबर टाकून बघता येतात. गाडी चोरीची आहे का, हे केंद्र सरकारच्या ‘वाहन समन्वय’ या सेवेत तपासता येतं. दोन्ही कामं घरबसल्या होतात.

इंजिन बदललेल्या गाड्यांबद्दल स्पष्ट लिहितो, कारण बाजारात त्याच जास्त आहेत. आर.सी.वर १४८९ सीसी आणि बॉनेटखाली १८१७ चं इंजिन, किंवा आर.सी.वर पेट्रोल आणि आत डिझेल, हे सर्रास दिसतं. काही गाड्यांत तर जपानी सहा सिलिंडरची इंजिनं असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आर.सी. जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. परवानगी घेऊन त्याच प्रकारचं इंजिन बदलता येतं, मान्यताप्राप्त सीएनजी-एलपीजी किट बसवता येतं; पण ते आर.सी.वर चढलेलं हवं. बेकायदा बदलाला कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि मालक म्हणजे गाडी पकडली त्या दिवशी ज्याच्या नावावर आहे तो. ‘मी घेतली तेव्हाच तशी होती’ हे ऐकून घेतलं जात नाही.

खरा धोका याहून मोठा आहे, तो विम्यात. खासगी मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता सीसीवर ठरतो: १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि १५०० च्या वर ७,८९७ रुपये, वर जीएसटी. आर.सी. १४८९ ची असेल तर विमा त्याच हिशेबाने निघतो. अपघात झाल्यावर सर्व्हेअर इंजिन नंबर बघतो आणि तिथून वाद सुरू होतो. म्हणून इंजिन नंबर आणि सीसी आर.सी.शी जुळत नसेल तर ती गाडी कितीही स्वस्त मिळो, आम्ही नको म्हटलं. एक गैरसमजही दूर करतो. ‘व्हिंटेजमध्ये नोंदवून घ्या, सगळं माफ होतं’ असं सांगणारे भेटतात. व्हिंटेजची नोंदणी ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीलाच मिळते, आणि चेसिस, बॉडी, इंजिन मूळ स्थितीत असेल तरच. सगळ्यात जुनी कॉन्टेसासुद्धा त्या वयाला २०३४ मध्ये पोहोचेल.

या चाळणीतून जी गाडी उरली ती १९९६ ची, एमएच-१२, पेट्रोल १८१७ सीसी, आर.सी.वर पांढरी आणि प्रत्यक्षात मॅट काळी. चारही बाजूंनी खाली बसवलेली, १५ इंची रुंद अलॉय, हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या मोकळ्या नळ्या) आणि मोठा एक्झॉस्ट, बॅटरी डिकीत, पुढे एलईडीचा बार. सांगितलेला भाव साडेसहा लाख.

बघायला सकाळी लवकर गेलो आणि ‘आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका’ असं आदल्या दिवशी सांगून ठेवलं. पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागला तर चहा घेऊन यायचं किंवा दुसऱ्या दिवशी यायचं. थंड इंजिन खोटं बोलत नाही. सुरू होताक्षणी निळा धूर आणि मग बंद, म्हणजे व्हॉल्व्ह गाइड किंवा सील गेले. निळा धूर चालूच राहिला तर रिंगा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, हा बहुधा कार्ब्युरेटरचा प्रश्न, आणि स्वस्तातला. पांढरा धूर हिवाळ्यात सकाळी निघणारच, पण इंजिन तापल्यावरही राहिला, त्याला गोडसर वास आला आणि रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे दिसले, तर हेड गॅस्केट. सुरू असताना ऑईलचं झाकण काढून बघा. तिथून भसाभस वाफ येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांवरून खाली गळतो आहे. झाकणाच्या आत सायीसारखा थर म्हणजे ऑईलमध्ये पाणी.

रंग काळा कसा, असं विचारल्यावर मालक म्हणाले, ‘रॅप आहे, खाली मूळ पांढराच.’ रॅप, म्हणजे रंगावर चिकटवलेली प्लास्टिकची फिल्म, हा जुन्या गाडीवरचा सगळ्यात फसवा प्रकार. रंगाची जाडी मोजायचा मीटर ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळतो. कंपनीचा रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन दाखवतो, पुन्हा रंगवलेला २०० ते ३००, आणि लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली असेल तर ५०० च्या पुढे थेट हजारांत. पण रॅपच स्वतः शंभरेक मायक्रॉन जाड असतो, खालचे ओरखडे-खड्डे झाकतो, आणि आर.सी.वरचा रंग न जुळल्यामुळे पासिंगला अडतो तो वेगळाच. रॅप काढल्याशिवाय इसार देणार नाही, असं आम्ही स्पष्ट सांगितलं. मालकांनी थोडा विचार केला आणि मान्य केलं. काढायची ६,००० ची मजुरी निम्मी-निम्मी वाटून घेतली.

रॅप निघाल्यावर खरी गाडी दिसली. छत, बॉनेट, चारही दारं ठीक होती. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर मीटरने हजाराच्या वरचा आकडा दाखवला. मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक तिथे लावलं तर चिकटलंच नाही, सरकत खाली आलं आणि कमानीच्या कडेपासून चार बोटं वर गेल्यावर पत्र्याला धरलं. कडेच्या आत बोट घालून ओढलं तर लांबीचा एक पापुद्रा निघाला, त्याच्यामागे गंजाचा चुरा. वितभर जागा. एवढं चालण्यासारखं होतं, कारण कमान कापून नवा पत्रा जोडता येतो आणि तिच्यावर गाडीचा भार नसतो.

भार जिथे असतो त्या जागा वेगळ्या. कॉन्टेसाला वेगळी चेसिस नाही. पत्र्याची बॉडीच सगळं वजन उचलते. म्हणून दाराखालचा रनिंग बोर्ड, जॅक लावायच्या जागा, पुढचे दोन्ही बॉक्स (बॉडीचे पोकळ दांडे), शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या वरच्या टोप्या, मागचे आर्म जिथे बॉडीला बोल्ट होतात ती ठिकाणं आणि बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा, हे स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्याने ठोकून बघायचं. चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजलेला बद्द आवाज देतो. दारं एकेक करून उघडून सोडून बघा. दार खाली बसत असेल आणि बिजागरी चांगली असेल तर रनिंग बोर्ड ढिला झाला आहे. ताजं काळं अंडरकोटिंग दिसलं तर खुश होऊ नका. विक्रीच्या आधी मारलेलं कोटिंग बहुधा काहीतरी झाकायला असतं.

कारपेट उचलणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच कोणी करू देत नाही. शांतपणे परवानगी मागा, स्क्रू आपणच परत लावून द्या. पुण्यात याचं अजून एक कारण आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला पूर आला आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं, तेव्हा पार्किंगमधल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. पाण्यात गेलेली गाडी धुऊन-पुसून चकाचक होते, पण सीटच्या रुळांत, वायरिंगच्या गुंडाळीत आणि डॅशबोर्डच्या मागे बारीक माती राहतेच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला पाण्याची रेघ राहते.

पुढचा टप्पा गॅरेजचा. धायरीकडच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये लिफ्टचे १,५०० रुपये आणि जुन्या गाड्या जाणणाऱ्या मेस्त्रींचे अर्ध्या दिवसाचे २,००० रुपये दिले. या साडेतीन हजारांनी पुढे भावात किती फरक पडला ते खाली येईलच. मेस्त्री मालकाच्या ओळखीचा नको, आणि जमलं तर गाडी बघायच्या दिवशीच ती लिफ्टवर न्यायची का, असं मालकाला विचारावं.

गाडी वर गेली आणि पहिली नजर स्प्रिंगवर. खाली बसवलेल्या गाडीत दोनच शक्यता: कमी उंचीच्या नव्या स्प्रिंगा घातल्यात, नाहीतर साध्या स्प्रिंगा कापून बसवल्यात. कंपनीच्या स्प्रिंगचं टोक गुळगुळीत असतं आणि बैठकीतल्या खाचेत नीट बसतं. इथे मागच्या दोन्ही स्प्रिंगांची टोकं दातेरी होती आणि पुढच्या अर्ध्या वेढ्यापर्यंत धातू निळसर-काळा पडलेला. म्हणजे गॅसने कापलेल्या. गॅसच्या उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं, ती जागा मऊ किंवा ठिसूळ होते आणि एखाद्या खड्ड्यात वेढा तुटतो. शिवाय चाक मोकळं लोंबकळत असताना ती स्प्रिंग बैठकीतून सुटून हातात फिरत होती. पुण्यातल्या स्पीडब्रेकरवरून जाताना क्षणभर तशीच अवस्था होते. मेस्त्री म्हणाले, ‘साहेब, ही घरापर्यंत चालवा, पण घाटात घेऊ नका.’ नव्या स्प्रिंगांची जोडी आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर धरून २२,००० चा अंदाज लिहून घेतला.

रुंद अलॉयच्या मागे स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या, होते. स्पेसर आहेत म्हणून गाडी नाकारायची गरज नाही, पण चाकाचा नट किती वेढे घेतो ते मोजायलाच हवं. नटाची पकड निदान स्टडच्या जाडीएवढी हवी. १२ मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर पिचचा स्टड असेल तर पूर्ण आठ वेढे. मागच्या उजव्या चाकाला जेमतेम पाच भरले. ते स्पेसर तिथेच काढायला लावले. टायरवरचा चार आकड्यांचा कोड वाचा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘३११७’ म्हणजे २०१७ चा एकतिसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी असले टायर बदलायच्या यादीतच धरायचे.

ड्राइव्ह मागे असल्यामुळे प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) हाताने उलटसुलट फिरवून बघायचे. डिफरन्शिअलच्या तोंडाशी ऑईल आहे का, इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग मूळ आहेत की वेल्डिंग करून जुळवलेत, तेही बघायचं. हेडर बसवलेल्या गाडीत पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून किती लांब आहे ते जरूर पाहा. इथे तीन बोटांवर होता, आणि पाइप जुन्या रबराचा. आता पंपावर ई-२० पेट्रोल मिळतं. नव्वदीतलं रबर इथेनॉलने फुगतं, मग तडकतं. गरम एक्झॉस्टशेजारी तडकलेला पेट्रोल पाइप हे गाडी पेटण्याचं सरळ कारण आहे. बदलताना ‘एसएई जे३० आर९’ असा शिक्का असलेला पाइप मागा, साधा काळा पाइप घेऊ नका. टाकी जुनी पत्र्याची असेल तर तळाचं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून बघा, गंज आणि पाणी दोन्ही खाली बसतात.

वायरिंगला आम्ही सगळ्यात जास्त वेळ दिला. मॉडिफाय केलेल्या गाडीची खरी दुखणी तिथेच लपतात. ज्या वायरा पिळून टेप मारलेल्या आहेत त्या मोजा. एलईडी बारला स्वतंत्र रिले आणि फ्यूज आहे का बघा, नसेल तर मूळ स्विच वितळतो. बॅटरी डिकीत नेली असेल तर पुढे जाणाऱ्या जाड केबलला बॅटरीपासून फूटभराच्या आत फ्यूज हवाच, तो नव्हता. आणि ही केबल पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवा. मल्टिमीटर घेऊन जा. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, सुरू असताना १३.८ ते १४.४. स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. सगळं बंद असतानाही ५० मिलिअँपिअरच्या वर करंट जात असेल तर कुठलं तरी जोडलेलं सामान बॅटरी पीत आहे. वायरमनने पूर्ण वायरिंगचे २८,००० सांगितले.

मग इंजिन. गरम करून चारही प्लग काढले, इग्निशन तोडलं, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवला आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे देऊन कॉम्प्रेशन मोजलं: १५०, १४८, १५० आणि चौथ्याला १२८ पीएसआय. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे पुस्तकातल्या आकड्यापेक्षा इथे पाच-सहा टक्के कमीच येतं. आकडा थोडा कमी आला तर घाबरू नका, चारांतला फरक बघा. तो दहा टक्क्यांच्या आत हवा, इथे पंधराच्या जवळ होता. चौथ्यात चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजलं. वाढलं असतं तर दोष रिंगांचा. वाढलं नाही, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. इथे मेस्त्रींनी हेड काढायच्या आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप, तपासले. चौथ्याच्या एक्झॉस्टला गॅपच नव्हता. वर्षानुवर्षं सेटिंग न करता चालवली की व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत जातो, गॅप संपतो आणि व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. गॅप दिल्यावर आकडा १४२ वर आला. हेड काम करावं लागणार हे नक्की, पण लगेच नाही.

व्हॅक्यूम गेज असेल तर तेही लावा. किनाऱ्यावर आयडलला १७ ते २१ इंच स्थिर दाखवतं, पुण्यात दोनेक इंच कमी धरायचं. काटा ठरावीक तालात थरथरत असेल तर एखादा व्हॉल्व्ह गळतो आहे.

चालवून बघायला कात्रजचा जुना घाट उत्तम, पण कापलेल्या स्प्रिंगा बघितल्यावर तो विचार बाजूला ठेवला. मालकांच्या माळ्यावर मूळ स्प्रिंगा आणि मूळ चाकं होती, ती घालून मग गेलो. हा प्रश्न प्रत्येक मॉडिफाय गाडीच्या मालकाला विचाराच: ‘काढलेले मूळ भाग कुठे आहेत?’ ज्याने ते जपून ठेवलेत त्याने गाडीही बहुधा जपलेली असते, आणि पासिंगच्या वेळी त्या भागांची किंमत कळते.

चढताना टेंपरेचरचा काटा बघायचा. बोगद्यापलीकडे उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडून द्यायचा आणि वळण संपलं की एकदम दाबायचा. मागच्या गाडीत बसलेल्या माणसाने धूर बघायचा. त्या क्षणी निळा ढग निघाला तर व्हॉल्व्ह गाइड गेलेले. सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० वरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. इंजिनाचे फेरे वाढले आणि वेग वाढला नाही तर क्लच प्लेट संपली. ६० ते ८० च्या दरम्यान गाडीचा तळ थरथरत असेल तर प्रॉपेलर शाफ्ट. मागून येणारा घुमणारा आवाज अ‍ॅक्सिलरेटर दाबल्या-सोडल्यावर बदलतो का ऐका, तो डिफरन्शिअलचा. ब्रेक लागोपाठ जोरात मारून बघा. ताकद वाढवलेल्या गाडीत ब्रेक मूळचेच असतील तर तिसऱ्या-चौथ्या वेळी पेडल खोल जातं.

भावाला बसलो तेव्हा हातात कागद होता: स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर २२,०००, वायरिंग २८,०००, टायर २४,०००, कमानीचं काम १५,०००, हेड काम पुढे-मागे २०,०००. आणखी एक मुद्दा पासिंगचा. १९९६ च्या गाडीचं पहिलं पासिंग २०११ ला, मग दर पाच वर्षांनी, म्हणजे पुढचं २०२६ मध्येच. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार २० वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ५,००० वरून १०,००० झाली आहे, पर्यावरण कर वेगळा. मालक सभ्य होते. आकड्यांवर वाद घातला नाही. सौदा पाच लाख दहा हजारांवर ठरला, मूळ स्प्रिंगा, चाकं आणि जुना सायलेन्सर धरून.

इसार २५,००० दिला आणि ५०० च्या स्टँपपेपरवर करार केला. त्यात चेसिस व इंजिन नंबर, आजवरची चलनं मालकाची, कागदात अडचण निघाली तर इसार परत, एवढं स्वच्छ लिहिलं. बाकी पैसे बँकेतून; २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे. गाडी ताब्यात घेताना डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहा, म्हणजे चलन कोणाचं हा प्रश्न उरत नाही.

हस्तांतरणाच्या आधी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवावी लागली. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला ती नसेल तर आरटीओत काम पुढे जात नाही. मोटारीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, आणि अपॉइंटमेंटची वाट बघावी लागते, म्हणून हे विकणाऱ्याकडूनच आधी करून घेतलेलं बरं. पीयूसीही चालू हवी. या वयाच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम. कार्ब्युरेटर सेट करून, इंजिन चांगलं तापवून गेलं की पास होते. तिची मुदत सहाच महिने.

मग टी.टी.चे, म्हणजे मालकी हस्तांतरणाचे, फॉर्म: फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, चेसिस नंबरची पेन्सिलने काढलेली छाप, विमा, पीयूसी, दोघांचे आधार-पॅन. छाप काढायच्या आधी नंबरवरची माती आणि गंज रॉकेलने पुसा, अंक अस्पष्ट आला तर अर्ज परत येतो. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर भरायचा, फी तिथेच, आणि कागद संगम पुलाजवळच्या कार्यालयात. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. आमचा अर्ज एकदा सहीतल्या फरकावरून परत आला, कारण मालकांची १९९६ ची आणि आताची सही वेगळी होती. ते स्वतः आमच्याबरोबर येऊन सही करून गेले. म्हणून व्यवहार झाल्यावरही विकणाऱ्याशी बोलणं गोड ठेवा, आणि शेवटचे थोडे पैसे आर.सी. येईपर्यंत बाकी ठेवायचं करारातच लिहा. पुढे मंजुरीचा एसएमएस आला आणि त्यानंतर बऱ्याच दिवसांनी स्मार्ट कार्ड पोस्टाने.

विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्यांच्याकडेच राहतो, त्यामुळे फरकाचे पैसे भरावे लागतात. राहिलेले बदल, म्हणजे आमच्या बाबतीत अलॉय आणि हेडर, विमा कंपनीला लेखी कळवले.

नावावर झाल्यावर पहिल्या महिन्यात पेट्रोलचे सगळे पाइप, ब्रेक ऑईल आणि ब्रेकचे रबरी होज, कूलंट, बॅटरीच्या केबलचा फ्यूज आणि टायर एवढं केलं. पत्र्याचं काम पावसाळ्याआधी उरकायला घेतलं आहे. कमान कापताना मागची काच काढायची वेळ आलीच, तर काचेचं जुनं रबर दोरीने सावकाश सोडवून काढा आणि सांभाळून ठेवा. ब्लेडने कापलं तर दुसरं मिळेपर्यंत गाडी उभी राहते.